रॉड माशाने मोडत नाही, दरवाज्याने मोडतो

ठाण्या-नवी मुंबईत मासे पकडायचा रॉड घेऊन खाडीवर जाणारी पोरं आता बरीच दिसतात, आणि 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून तर रविवारी सकाळी डब्यात एखादा रॉडवाला भेटतोच. बघून बरं वाटतं. पण बऱ्याच जणांचा रॉड नुसता हातात, रील म्हणजे लाइन गुंडाळायची चक्री लावलेला, गळ सरळ गाईडच्या, म्हणजे रॉडवरून लाइन जाते त्या कड्यांच्या, रिंगमध्ये अडकवलेला. पाच-सहा हजारांचा रॉड घेतो आपण, ल्युअरचा म्हणजे नकली आमिषांचा तर हिशोबच ठेवत नाही, आणि रॉड ठेवायच्या साध्या पाइपच्या केसचं काय तर म्हणे बघू नंतर. हे मला अजिबात पटत नाही.

कार्बनचा रॉड वाकण्यासाठीच बनवलेला असतो, जिताड्यासारख्या माशाने जोरात ओढलं तरी तो वाकून ताण घेतो. त्याला सहन होत नाही तो बाजूने बसलेला फटका. ब्लँक म्हणजे रॉडची मूळ काठी आतून पोकळ आणि भिंत पातळ, त्यामुळे बाइकच्या स्टँडवर आपटला किंवा डिकीत त्याच्यावर शिशाचं वजन पडलं की आतले तंतू तुटतात आणि वरून दिसतो फक्त बारीक ओरखडा, कधीकधी तोही नाही. मग पुढे कधीतरी चांगला मासा लागतो, रॉड बरोबर तिथेच कट्कन जातो आणि आपण कंपनीला शिव्या घालत बसतो.

गाईडचंही तसंच. आतली सिरॅमिकची रिंग तडकली तर डोळ्याला दिसत नाही पण ब्रेडेड म्हणजे विणलेली लाइन कापते. घरातला कानाचा कापूस घ्या, प्रत्येक रिंगमधून गोल फिरवा, कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे तडा आहे समजा. आणि गळ अडकवायला हँडलजवळ हुककीपर असतो, तो वापरा ना.

घरात तर दोन शत्रू. एक सीलिंग फॅन, हॉलमध्ये रॉड जोडून कुणाला दाखवायला गेलात की टिप गेलीच. दुसरा दरवाजा, पावसाळ्यात वारा आला की धाडकन आपटतो आणि मागे टेकवलेल्या रॉडचा वरचा भाग चेपतो. महिनोन्महिने तिरका टेकवून ठेवूच नका, फायबरग्लासचा असेल तर कायमचा बाक येतो. उभा टांगा नाहीतर आडवा दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कार्बनमधून वीज जाते. आपल्या लोकलच्या ओव्हरहेड वायरमध्ये 25,000 व्होल्ट असतात आणि रॉड वायरला टेकायलाच पाहिजे असं काही नाही, नुसता जवळ गेला तरी करंट उडी मारतो. त्यामुळे प्लॅटफॉर्मवर, पुलावर जोडलेला रॉड खांद्यावर घेऊन फिरू नका रे बाबांनो, तुकडे सुटे करून केसमध्येच न्या. हे मी कळकळीने सांगतोय.

केस घरी होते. हार्डवेअरच्या दुकानातून 75 किंवा 90 एमएमचा पीव्हीसी पाइप, रॉडच्या सगळ्यात लांब तुकड्यापेक्षा तीन-चार इंच जास्त कापून घ्यायचा, एका टोकाला कॅप सोल्युशन लावून पक्की, दुसऱ्या टोकाला आट्यांची कॅप, दोन्हीकडे आत फोम, आणि कॅपला एक बारीक भोक म्हणजे दमट हवा कोंडत नाही. जुन्या लॅपटॉप बॅगचा पट्टा लावला की खांद्यावर. रील काढून वेगळी, तुकडे उलटसुलट ठेवून वेल्क्रोने बांधायचे, पण कचकचून नाही.

ओला रॉड मात्र केसमध्ये घालायचा नाही. आधी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, रात्रभर पंख्याखाली सुकवा. ओलाच कोंडला तर गाईडच्या पायाला गंज चढतो, वार्निशला फोड येतात आणि कॉर्कच्या मुठीला बुरशी. टेलिस्कोपिक म्हणजे तुकडे एकात एक सरकणारा असेल तर बंद करताना जाड बाजूकडून सुरुवात करा आणि आधी वाळू पुसा, नाहीतर सांधे घासून जाम होतात.

कोळीवाड्यात जाऊन बघा, पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, जाळी वाळवून दुरुस्त करणं चालू असतं, कारण नारळी पौर्णिमेनंतर त्याच्यावरच घर चालतं. आपला छंद असला तरी सामानाला तेवढा मान द्यायला काय हरकत आहे.

कुणाला केस बनवायची असेल तर रॉडचा सगळ्यात लांब तुकडा आणि मोठ्या गाईडची रुंदी मोजून सांगा, पाइप कुठला आणि किती कापायचा ते मी सांगतो.