अजून शिकाऊच

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपवर चर्चा चालू असताना 'पीएचडी करून काय दिवे लावणार?' असा प्रश्न थेट तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्याकडून आला होता. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, तो पुन्हा टाकला. खाली लिहिलं, "आणि वर पोस्टडॉक. म्हणजे छत्तिसाव्या वर्षीही शिकाऊच ना?" मला रात्री झोप लागली नाही.

हो दादा, शिकाऊच. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं शिकणंच. पीएचडीत मी एका प्रथिनाचं काम शिकले, तेवढंच. रुग्णाच्या रक्तपेशींपासून मूळपेशी तयार करायच्या, त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूपेशी करायच्या, त्यांचं आकुंचन मोजायचं आणि ते आकडे कार्डिऑलॉजिस्टपुढे ठेवून त्याच्या रुग्णाशी जुळतात का बघायचं, हे दुसऱ्याच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं बसूनच येतं. एमबीबीएसनंतर सर्जन व्हायला अजून काही वर्षं गेली, तर त्याला कोणी शिकाऊ म्हणून हिणवत नाही.

इथे अमेरिकेत या शिकण्याला सरकार पैसे मोजतं, १९७४ च्या कायद्यापासून. हृदय, फुफ्फुस आणि रक्त यांची राष्ट्रीय संस्था विद्यापीठांना टी-३२ नावाचं प्रशिक्षणाचं अनुदान देते, त्यातून पोस्टडॉकला स्टायपेंड मिळतो. २०२४ मध्ये अगदी नवख्याला वर्षाला ६१,००८ डॉलर. त्यासाठी करार असतो: पहिल्या वर्षी जितके महिने पैसे घेतले, तितके महिने संशोधन किंवा शिकवणं करून फेडायचे. दुसरं वर्ष त्याच प्रशिक्षणात काढलं की पहिलं फिटतं. 'आमच्या पैशावर शिकून पळाले' म्हणणाऱ्यांनी असा करार करून बघावा, शिव्या देण्यापेक्षा. भारतात २०२३ पासून रिसर्च असोसिएटला, म्हणजे तिथल्या पोस्टडॉकला, महिना ५८,००० ते ६७,००० रुपये मंजूर आहेत. आकडा वाईट नाही. पण तिथल्या माझ्या मैत्रिणीला सात महिने एक रुपया आला नव्हता. घरभाड्यासाठी ती संध्याकाळी क्लासमध्ये बारावीचं बायो शिकवायची.

दादाचा खरा मुद्दा वेगळा असतो: तुमच्या संशोधनाचा आम्हाला उपयोग काय? बाबांची बायपास मिरजेत एक्कावन्नाव्या वर्षी झाली. सिगारेट नाही, पोट सुटलेलं नाही. माझ्या घरापासून चाळीस मिनिटांवर फ्रेमिंगहॅम हे गाव आहे. तिथे १९४८ मध्ये ५,२०९ माणसांचा अभ्यास सुरू झाला आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा धोका जगाला आकड्यांत कळला. ती माणसं जवळजवळ सगळी गोरी होती. बाबांसारख्या माणसाचा हिशोब त्यात नाही.

हृदयाच्या एका वेगळ्या आजाराचा आपला हिशोब मात्र आपणच मांडायला घेतला होता. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि इतर शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवलं, की आपल्या उपखंडातल्या दर शंभरातल्या साधारण चार जणांच्या एमवायबीपीसी३ या जनुकात डीएनएची २५ अक्षरं गळलेली असतात, आणि अशांना हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा धोका जास्त. नंतर इथल्या अभ्यासातून असं पुढे आलं, की हा दोष एकट्यानं इतका घातक नसेल, शेजारचा दुसरा बदल सोबत असेल तर जास्त. हा वाद सोडवायला माणसं लागतात दादा, शिकलेली, आणि ती तयार व्हायला दहा-दहा वर्षं लागतात. मी त्याच जनुकावर काम करते. हे घरी कोणी कधी विचारलंच नाही.

आता जे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही ते लिहिते. टी-३२ मला मिळत नाही. ते नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. सोमवारच्या त्यांच्या सेमिनारला मी जाते, शेवटच्या रांगेत बसते, प्रश्नही विचारते. माझा पगार मात्र बॉसच्या ग्रँटमधून येतो. घरी फोनवर मी 'इथे सरकार शिकवतं' असं म्हणते, तेव्हा त्या वाक्यात मी नसते. परत यायचं तर भारत सरकारची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. तिचा अर्ज दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. व्हिसामुळे, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण त्या मैत्रिणीचे सात महिने आहेत.

आठव्या-नवव्या दिवशी पेशी धडधडायला लागतात. मायक्रोस्कोपखाली आधी एक ठिपका हलतो, मग शेजारचा, मग सगळी चकती एका ठेक्यात. दर वेळी फोन हातात घेते, बाबांना दाखवावं म्हणून. इथे दुपारचे साडेचार झालेले असतात. सांगलीत रात्रीचे दोन.