प्लग पुन्हा ओला

माझ्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकचा स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा तो, ओला होतो ही बातमी बाहेर फुटली आणि मला कळलं, की जगात टू-स्ट्रोक गाड्यांपेक्षा टू-स्ट्रोकचे तज्ज्ञ जास्त आहेत.

गाडी सुरू झकास व्हायची. थोडी पळायची, मग गुरगुरायची आणि नेमकी चढावर बंद. मग किक, किक, घाम, प्लग-पाना. बाहेर काढावा तर प्लगने तोंड काळं केलेलं, वर तेलाने तुकतुकीत.

पहिले तज्ज्ञ ऑइलवाले. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात; ४०:१ म्हणजे चाळीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल. "४०:१ घालतोस? मग होणारच! ५०:१ कर." आता गंमत अशी, की पेट्रोलमधलं ऑइल कमी केलं तरी कार्ब्युरेटरमधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या तोटीचं, भोक तेवढंच राहतं. त्यातून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो, म्हणजे गाडी उलट किंचित रिचच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालते. हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सल्ले सोडले नाहीत.

दुसरे जेटवाले. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) किती पिळला त्यावर कार्ब्युरेटरचा कोणता भाग मिश्रण ठरवतो ते अवलंबून: पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य, मध्ये नीडलचं, आणि मेन जेटचा खरा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे. झाडाझुडपांतल्या अरुंद वाटेवर मी पाऊण थ्रॉटल दिला, तर पुढे गाडी एकटीच जाईल. तरी हे गृहस्थ मेन जेटच बदलायला बसले. का? त्यांच्या खिशात मेन जेटच होता.

तिसऱ्यांनी गरम प्लग, म्हणजे उष्णता जास्त धरून ठेवणारा, सुचवला. एनजीके या प्लग कंपनीच्या आकड्यांत ९ पेक्षा ८ गरम, हा उलटा हिशेबही समजावला. गरम प्लग आपल्यावरची घाण जाळतो हे खरं. पण ऑइल येतच राहणार आणि ते जाळायला प्लगने ओव्हरटाइम करायचा, हा कुठला न्याय?

एअर फिल्टर धुतला. चोक नीट बसतोय ना, कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची बरोबर आहे ना, तेही पाहिलं. सगळे निर्दोष.

खरं तर प्लग केव्हाचा सांगत होता. कोरडी, मखमली काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओला, चकचकीत काळा असेल तर ऑइल. शिवाय इंजिन तापल्यावरही मागे पांढऱ्या धुराचे लोट. शेवटी गिअरबॉक्सचं ऑइल काढून मोजलं. ओतलं होतं त्यापेक्षा बरंच कमी, आणि जमिनीवर थेंब नाही! मग गेलं कुठे?

पिस्टन वर जाताना क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालचं बंद दालन, कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढतं. क्लचच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल अडवणारं रबरी कडं, गेलं, की त्याच दमात गिअरबॉक्समधलं ऑइलही घोटघोट पितं. दुसऱ्या, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं असतं तर हवा ओढली असती, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं असतं आणि पिस्टन जाम व्हायची वेळ आली असती. त्यामानाने माझी गाडी सभ्यच; नुसती प्यायची.

क्लच उतरवला, प्रायमरी गिअर काढला, ते एवढंसं रबरी कडं बदललं. धूर आटोक्यात आला. चढ चढून प्लग काढला, तर कोरडा आणि छान कॉफीच्या रंगाचा. मी तो सगळ्यांना अभिमानाने दाखवला.

जेटवाल्यांनी चष्मा पुसला, प्लग उजेडात धरला आणि म्हणाले, "जरा लीन वाटतेय. थांब, माझ्या खिशात एक जेट आहे."