‘दोन ओळींचे पैसे घेतले’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की आम्ही ‘दोन ओळी टाईप करून’ पैसे घेतले, काही दिवसांनी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर रूट (दुसऱ्या नेटवर्ककडे जायचा लिहून ठेवलेला मार्ग) उडाला आणि बॅकअप बंद पडला, आणि परत बोलावल्यावर पुन्हा व्हिजिट चार्ज लावला. शिवाय तुमच्या ओळखीतल्या एकाचं म्हणणं असं, की फायरवॉल (बाहेरून येणारं अडवणारी सोय) बंद केली असती तर एवढा खटाटोप लागलाच नसता. काम होतं ते ऑफिसातल्या बॅकअप सर्व्हरला शेडमधल्या ड्रॉइंग सर्व्हरपर्यंत पोचवायचं. रिव्ह्यू जाहीर आहे, म्हणून उत्तरही इथेच देतो. खालचे आयपी (नेटवर्कवरचे कॉम्प्युटरचे पत्ते) उदाहरणादाखल आहेत. तुमचे खरे पत्ते चारचौघांत टाकणं बरं नाही.

ओळी दोनच, हे खरं. पण दोन मशीनवर एकेक. ऑफिस १९२.१६८.१०.० मध्ये, शेड १९२.१६८.२०.० मध्ये, मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले पत्तेच एका सबनेटमधले, एका गटातले. पुढे पत्त्यांचे शेवटचे आकडेच लिहितो. मधला राउटर दोन्हीकडे .२ वर. आणि दोन्हीकडे इंटरनेटचा मोडेम वेगळा, .१ वर. सर्व्हरला जो पत्ता आपल्या सबनेटमधला वाटत नाही, त्याचं पॅकेट (डेटाचा तुकडा) तो डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे मोडेमकडे ढकलतो. मोडेमला शेड माहीतच नाही. ट्रेसरूटमध्ये (पॅकेट कुठून कुठे जातं ते दाखवणारी कमांड) पहिली उडी .१ आणि पुढे नुसत्या चांदण्या, म्हणजे उत्तरच नाही, हे मी तुम्हाला स्क्रीनवर दाखवलं होतं. म्हणून बॅकअप सर्व्हरला सांगितलं: २०.० कडे जायचं तर १०.२ मार्गे जा.

खरी गंमत पुढे आहे. इथे थांबलं तर विनंती शेडमधल्या ड्रॉइंग सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोचते, पण त्याचं उत्तर शेडच्या मोडेमकडे जाऊन गडप होतं. ऑफिसात बसलेल्याला दोन्ही वेळा तेच दिसतं, ‘टाइम आउट’. मग लोक जाण्याचा रूट चार-चारदा पुसून लिहीत बसतात. परतीचा रूट शेडच्या सर्व्हरवर लिहावा लागतो: १०.० कडे जायचं तर २०.२ मार्गे. तुमची दुसरी ओळ ती.

रीस्टार्टचं म्हणाल, तर बॅकअप सर्व्हरच्या उबुंटूवर (लिनक्सवर) नुसती कमांड दिली की रूट रीस्टार्टला जातो. म्हणून तो नेटप्लॅनच्या (नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत लिहिला. विंडोजवर ‘रूट अ‍ॅड’ला पी हा पर्याय लावला, म्हणजे तो रजिस्ट्रीत, विंडोजच्या कायमच्या सेटिंगमध्ये, राहतो. दोन्ही मशीन तुमच्यासमोर रीस्टार्ट करूनच आम्ही निघालो. दुसऱ्यांदा आलो तेव्हाही दोन्ही रूट लिहिल्या जागी होते.

मग बिघडलं काय? तुम्ही ऑफिसचं इंटरनेट कनेक्शन बदललंत. नवा मोडेम १९२.१६८.१.१ वर आला आणि तो बसवणाऱ्याने नेट चालावं म्हणून बॅकअप सर्व्हरचा पत्ताही १.० मध्ये नेला. नेट चाललं. पण १०.२ आता त्या सर्व्हरच्या सबनेटमध्येच राहिला नाही, आणि ज्या रूटच्या गेटवेपर्यंत थेट पोचता येत नाही, तो रूट निरुपयोगी. शेडच्या सर्व्हरला १.० कडे जायचा रूटही माहीत नव्हता, त्याची उत्तरं शेडच्या मोडेमकडेच गेली असती, ते वेगळंच. आम्ही रूट बदलले नाहीत; मोडेमचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १०.१ केला, सर्व्हरचा जुना पत्ता परत दिला. त्या रात्री बॅकअप झाला. हे काम आमच्या कामातल्या बिघाडाचं नव्हतं, म्हणून चार्ज लावला आणि तो परत करणार नाही. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असती तर ही फेरी त्यात धरली असती. ती तुम्ही नको म्हणालात, तुमचा तो हक्कच आहे.

फायरवॉलबद्दल मात्र मी स्पष्टच बोलतो. विंडोजमध्ये प्रायव्हेट नेटवर्कवर पिंग (मशीन उत्तर देतं का, ही तपासणी) आणि फाइल शेअरिंगचे नियम मुळात फक्त लोकल सबनेटपुरते उघडे असतात. त्यामुळे रूट बरोबर असूनही दुसऱ्या सबनेटमधल्या मशीनला उत्तर मिळत नाही. आम्ही त्या नियमात बॅकअप सर्व्हरचा एकच पत्ता वाढवला. सगळी फायरवॉल बंद केली असती तर पिंग लगेच आला असता, यात वाद नाही. पण रूटच नसता तर फायरवॉल बंद करूनही काही आलं नसतं. आणि तुमच्या शेडमध्ये यंत्रांना जोडलेले विंडोज एक्सपीवाले कॉम्प्युटर आहेत. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) पसरला तो फाइल शेअरिंगमधल्याच भोकातून. अशा कॉम्प्युटरांच्या शेजारी ड्रॉइंग सर्व्हर उघडा ठेवायला कुणी सांगितलं, तरी आम्ही ठेवणार नाही, त्यापायी स्टार गेले तरी चालतील. ‘सगळं एकाच नेटवर्कमध्ये घ्या’ असं कुणी सुचवलं, तरी उत्तर हेच.

रॅकच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर दोन्ही रूट आणि मोडेमचे पत्ते लिहिले आहेत. कनेक्शन पुन्हा बदलायचं झालं तर येणाऱ्या माणसाला तो दाखवा, मोडेमचा पत्ता तोच ठेवायला सांगा आणि सर्व्हरला हात लावू देऊ नका. अडलं तर त्याला तिथूनच मला फोन लावायला सांगा. फोनवर सांगायचे पैसे आम्ही घेत नाही.