खुलासा: एसीएल (गुडघ्यात हाडांना जोडणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) फक्त शेवटच्या १५ मिनिटांत तुटत नाही

‘फुटबॉलपटूचा एसीएल लिगामेंट दमल्यामुळे शेवटच्या १५ मिनिटांत तुटतो, ७५व्या मिनिटाला खेळाडू बदला, गुडघा वाचेल’ असा मेसेज फिरतोय. पटकन पटतो, पण चूक आहे. इटलीतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या १३४ एसीएल दुखापतींचे व्हिडिओ तपासलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुखापती पहिल्या हाफमध्येच जास्त निघाल्या. प्रतिस्पर्ध्याला प्रेस करायला, म्हणजे त्याच्यावर दबाव टाकून चेंडू हिसकवायला, झेपावायचं, ऐनवेळी दिशा बदलायची, पाय रोवला जातो आणि गुडघा आत वळतो. ताज्या दमाच्या खेळाडूलाही हे होतं. बहुतेकदा गुडघ्याला कुणाचा थेट धक्काही लागलेला नसतो. थकवा अगदीच निर्दोष आहे, असं मी म्हणत नाही. पण सलग सामन्यांचा साचलेला थकवा सामन्याच्या घड्याळावरून कळत नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.