सहा बाराचा चहा

मी मुलुंडचा, म्हणजे जन्मापासून सीमेवरचाच माणूस. नाक्याच्या अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोलही गेला. पण कोथिंबीर ठाण्यात दोन रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून आमच्या घरातून मला अजूनही परमुलखात धाडलं जातं. सांगायचा मुद्दा, हद्द ओलांडून किरकोळ कामं उरकून येण्याची मला सवय आहे. तीच नेपाळच्या वेशीवर नडली.

गावाचं नाव सांगत नाही. उत्तर प्रदेशात आहे, तिथून लुंबिनीला जाता येतं आणि मला तिथे पुन्हा जायचंय, एवढं पुरे.

लुंबिनीला जाऊन, अशोकाचा स्तंभ बघून आम्ही दोघं संध्याकाळी अलीकडच्या लॉजवर परतलो. करायला काही नव्हतं. १९५० च्या तहापासून आपल्याला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन कमानीखालून ये-जा करत होती. बायको म्हणाली, ‘‘चला, तिकडे चहा पिऊन येऊ.’’ परदेशात चहा प्यायला पायी जायचं, हे सुख मुलुंडकरालाच कळेल. गेलो, प्यायलो, आलो. आल्यावर लक्षात आलं, छत्री टपरीवर राहिली. पुन्हा गेलो. छत्री घेऊन आलो आणि कमानीचा एक फोटो काढला.

‘‘ओ भाईसाब! चौथी बार?’’

हवालदार मघापासून मोजत होता. शेजारच्या चौकीत साहेबांपुढे उभं केलं. टेबलावर रजिस्टर, त्याला सुतळीने बांधलेलं बॉलपेन, आणि बॉलपेनाला टोपण नाही म्हणून वर खोचलेला काडेपेटीचा तुकडा.

‘‘क्या करने आए हैं?’’

‘‘फिरने,’’ मी म्हटलं.

‘‘फिरने? किधर से किधर फिर रहे थे?’’

बायकोने कोपराने ढोसलं, ‘‘घूमने म्हणा!’’ पण तोवर साहेबांनी मोबाइल मागितला होता. फोटो एक कमानीचा, एक चहाचा. चहाच्या फोटोत बायको बशीत चहा ओतून पितेय, वेळ सहा बारा. परत आल्यावरचा कमानीचा फोटो, वेळ सहा चार.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘मॅडम छे बजके चार मिनट पे लौट आईं. और छे बारा पे नेपाल में चाय पी रही हैं.’’

आता हे समजावणं मला भाग होतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, ते पावणेसहा. १९८६ पासून ते गौरीशंकर शिखरावरून वेळ धरतात. मोबाइलला तिकडचा टॉवर लागला की तो आपलं आपण घड्याळ सरकवतो, अलीकडे आलो की मागे घेतो. म्हणजे चहा आपल्या सहाला तीन कमी असतानाचा. हे मराठीतही एका दमात सांगता येत नाही, मी तर हिंदीत सांगत होतो.

‘‘एक ही जगह पे दो टाइम?’’ साहेब म्हणाले.

आता गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला मुंबईकर जागा झाला. ‘‘साहेब, हमारे मुंबई में भी था! १९०६ में स्टँडर्ड टाइम आया, पर मुंबई ने माना नहीं. उनचाळीस मिनट पीछे का अपना बॉम्बे टाइम पकड के बैठी, १९५५ तक. मेरे आजोबा की लग्नपत्रिका में मुहूर्त के आगे ‘स्टँ. टा.’ छापा था, नहीं तो आधे लोग अक्षता पडने के बाद आते.’’

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हवालदाराला म्हणाले, ‘‘ये लोग खानदानी हैं.’’

मी घाबरलो. ‘‘साहेब, मैं आपकी चेष्टा नहीं कर रहा!’’

‘‘चेष्टा तो आपको करनी पड़ेगी,’’ साहेब म्हणाले.

चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न, हे बायकोने मला लॉजवर गेल्यावर सांगितलं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एफआयआर तरळत होता.

मग आधार कार्ड निघालं. त्यावरच्या माझ्या फोटोकडे साहेब बराच वेळ बघत राहिले. तो फोटो बघून आजवर कोणी मला सोडून द्यावंसं वाटलं असेल असं नाही. पत्त्यावर ‘मुलुंड’ वाचून त्यांनी विचारलं, ‘‘ये मुंबई में ही आता है?’’ हा प्रश्न आम्हाला दादरचे लोकही विचारतात, तेव्हा मी तो मनाला लावून घेतला नाही.

रजिस्टरमध्ये ‘जाने का समय’ आणि ‘आने का समय’ असे दोन रकाने होते. साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. आकडे कसेही मांडले तरी कोणीतरी निघण्याआधी पोहोचत होतं. त्यांना आमच्यावर संशय नव्हता हो, त्यांना हिशेब जुळत नव्हता. वरच्या साहेबांनी रजिस्टर बघितलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं होतं.

इतक्यात हवालदाराने मोबाइल बघितला, टोपी उचलली आणि सलाम ठोकला. ‘‘सर, आठ बज गए. ड्यूटी खतम.’’

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेआठ.

भिंतीकडे, मग हवालदाराच्या हातातल्या मोबाइलकडे, मग माझ्याकडे. चौकीत पंख्याचा तेवढा आवाज.

‘‘रोज?’’ साहेबांनी हळूच विचारलं.

हवालदार टोपीकडे बघत राहिला. आमच्याकडे न बघता साहेबांनी आधार कार्ड टेबलावरून सरकवलं. ‘‘आप लोग जाइए. तुम इधर आओ.’’

लॉजच्या जिन्यात बायको थबकली. छत्री चौकीत राहिली होती. ‘‘जा, पटकन घेऊन या.’’

मी म्हटलं, ‘‘दादरला नवीन घेऊ.’’