"बायकांना संसार मोडायला शिकवता" या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर दिलं नाही कारण त्यात रागापेक्षा भावाची काळजी जास्त दिसली, तिला घाईत उत्तर देणं बरं वाटलं नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की कॅलिफोर्नियात घटस्फोट झाला की सगळं निम्मं निम्मं होतं, म्हणून घरातल्या पैशांची माहिती दोघांनाही हवी. त्यावर दादांचं म्हणणं असं की "सगळं" हे साफ चूक आहे, त्यांच्या भावाचा ठाण्याचा फ्लॅट लग्नाच्या आधीचा आहे. शिवाय कमावलं भावाने, वहिनी तर घरीच होती, मग तिला अर्धं कशाला. आणि भावाने वेळीच पैसे आईच्या खात्यावर वळवले असते तर ही वेळ आली नसती.

फ्लॅटचं तुमचं बरोबर आहे, माझं वाक्य चुकलं. लग्नाआधीचं, वारशाने आलेलं आणि एकट्याला भेट म्हणून मिळालेलं, हे ज्याचं त्याचंच राहतं. निम्मं होतं ते लग्न झाल्यापासून वेगळं होईपर्यंत दोघांपैकी कुणीही कमावलेलं, मग खातं कुणाच्याही नावावर असो, आणि ते दोघं तेव्हा पुण्यात राहत होते म्हणूनही ते सुटत नाही, घटस्फोटाच्या वेळी ते इथे कमावल्यासारखंच धरतात. (गोव्याच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, पण तिकडे आधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाआधीचं आणि वारशाचंही दोघांचं होतं, इथे तसं नाही.)

पण दादा, तुम्हीच लिहिलंय की त्या फ्लॅटचे हप्ते लग्नानंतर सात-आठ वर्षं भावाच्या पगारातून जात होते. पगार दोघांचा, म्हणजे त्या हप्त्यांमधून मुद्दल जेवढं फिटलं तेवढं दोघांच्या पैशातून फिटलं, आणि त्या प्रमाणात लग्नानंतर वाढलेल्या किमतीतही दोघांचा वाटा लागतो. हप्त्यातलं व्याज यात धरत नाहीत. फ्लॅट भावाचाच राहतो, पण हिशोब करावा लागतो. भाडं येत असेल तर कॅलिफोर्नियात ते भावाचं, हेच टेक्सासमध्ये असता तर ते दोघांचं झालं असतं. लग्नातली कमाई दोघांची धरणारी अशी नऊ राज्यं आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, टेक्सासमध्ये तर वाटणीही बरोबर निम्मीच असेल असं नाही, कोर्टाला न्याय्य वाटेल तशी होते, त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसच्या मित्राचा सल्ला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये कामाचा नाही हे भावाला जरूर सांगा.

आता "वहिनी घरीच होती". हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. वहिनी २०१२ साली एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या नवऱ्या-बायकोला मिळणारा व्हिसा) आल्या असं तुम्हीच म्हणता, आणि एच-४ वाल्यांना काम करायची परवानगीच नव्हती, ती मे २०१५ पासून मिळायला लागली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीनकार्डचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलंय त्यांनाच. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती बाई आली, दोन मुलं वाढवली, भावाच्या ऑनकॉलच्या रात्री तिनेच निभावल्या. तो पगार एकट्याचा होता असं मी म्हणू शकत नाही आणि इथला कायदाही म्हणत नाही.

आईच्या खात्याचं मात्र कृपा करून भावाच्या डोक्यात घालू नका. इथे दोघांनाही आपापली सगळी मालमत्ता आणि कर्जं लिहून द्यावी लागतात, भारतातली एनआरई खाती आणि एफडी धरून, आणि बाहेरच्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर ते दरवर्षी सरकारला कळवावंच लागतं, तो कागद वकील पहिल्यांदा मागतो. केस दाखल झाली की नेहमीचा खर्च आणि वकिलाची फी सोडून पैसे हलवायला बंदी येते. आणि लपवलेलं सापडलं तर काय होतं याचं कॅलिफोर्नियातलंच उदाहरण आहे, १९९६ च्या शेवटी एका बाईला लॉटरीत १३ लाख डॉलरचा वाटा मिळाला, तिने नवऱ्याला न सांगता घटस्फोटाचा अर्ज केला, पुढे ते उघडकीला आलं आणि कोर्टाने अर्धी नाही, सगळीच रक्कम नवऱ्याला दिली, २००१ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. म्हणजे हा नियम बायकांच्या बाजूचा किंवा पुरुषांच्या बाजूचा नाहीये.

आणि मी मागची पोस्ट का लिहिली ते सांगते. माझ्या एका मैत्रिणीने वाटणीत हट्टाने घर घेतलं, मुलांची शाळा बदलायला नको म्हणून, आणि नवऱ्याने त्याच्या बदल्यात शेअर्स आणि बचत घेतली. कागदावर आकडे सारखे होते. पण तिच्या एकटीच्या पगारावर रिफायनान्स, म्हणजे जुनं कर्ज फेडून तिच्या एकटीच्या नावावर नवं कर्ज, मिळेना, मॉर्गेज नवऱ्याच्याही नावावर, तोही अडकला आणि तीही, शेवटी दीड वर्षाने घर विकलं, आणि एकटीला घराच्या नफ्यात २,५०,००० डॉलरपर्यंतच करमाफी मिळते, जोडप्याला ५,००,००० ची असते. कुणी फसवलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं, एवढंच. कायदा निम्मं देतो पण ते निम्मं म्हणजे हातात नेमकं काय येणार हे कुणी समजावून सांगत नाही.

तसंच ४०१के चं, म्हणजे नोकरीतून जमवलेल्या निवृत्तीच्या खात्याचं. त्यातले ३ लाख आणि सेव्हिंग्जमधले ३ लाख सारखे नाहीत कारण ४०१के मधून काढताना टॅक्स भरायचाय. तो वाटायला कोर्टाची वेगळी ऑर्डर लागते, सगळे तिला क्वाड्रो म्हणतात, आणि ती केली नाही तर निकालात लिहून काही उपयोग नाही, प्लॅनवाले पैसे सोडत नाहीत. शेअर्स वाटून घेतले तर जुनी खरेदीची किंमतही सोबत येते, म्हणजे २० डॉलरला घेतलेला १२० चा शेअर ज्याच्या वाट्याला आला त्यानेच विकताना १०० वर टॅक्स भरायचा. भावाचे आरएसयू, म्हणजे कंपनीने देऊ केलेले शेअर्स, वेगळं झाल्यानंतर व्हेस्ट होणार (प्रत्यक्ष हातात येणार) असले तरी ग्रँट, म्हणजे ते देऊ केल्याचं पत्र, लग्नात असताना मिळाली असेल तर त्यातला काही भाग दोघांचा, तो तारखांवरून काढतात, म्हणून वेगळं होण्याची तारीख ही भांडणाची सगळ्यात मोठी जागा असते. आणि वहिनी कायमच्या भारतात परतून इथल्या टॅक्ससाठी नॉनरेसिडेंट झाल्या असतील तर त्यांच्या नावावर शेअर्स करतानाच भावाला टॅक्स बसू शकतो, एरवी नवरा-बायकोत तो नसतो. हे आपल्या लोकांमध्ये फार कमी जणांना माहितीये, सह्या करायच्या आधी टॅक्सवाल्याला विचारा.

पोटगीबद्दल तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं झाली म्हणजे भाऊ जन्मभर अडकला. तसं नाही. दहा वर्षांच्या पुढे कोर्ट विषय उघडा ठेवतं, आकडा दोघांच्या परिस्थितीवर ठरतो आणि तो बदलूही शकतो.

भावाला आज एवढं करायला सांगा, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, लग्न झालं त्या महिन्यातलं कर्जाचं स्टेटमेंट आणि आरएसयूची ग्रँट लेटर्स शोधून ठेव. इथल्या घराच्या डाउन पेमेंटला बाबांनी साताऱ्याची जमीन विकून पैसे पाठवले होते म्हणता, त्याची बँकेची पावतीही काढा, ते पैसे त्याला एकट्याला दिलेले होते आणि त्यावरचा हक्क सोडल्याचं त्याने लिहून दिलेलं नाही हे दिसलं तर तेवढी रक्कम आधी त्याला परत मिळते, व्याजाशिवाय. बँका जुनी स्टेटमेंट्स कायम ठेवत नाहीत, म्हणून उशीर नको. आणि वहिनींनाही तसंच सांगा, दादा, त्या तुमच्याही घरच्याच होत्या इतकी वर्षं. माहेरहून आलेल्या सोन्याच्या पावत्या किंवा निदान लग्नातले फोटो त्यांनी जपून ठेवावेत, ते सोनं त्यांचं एकटीचं आहे, त्याची वाटणी होत नाही.