‘तेरावी-चौदावी’ म्हणून नाक मुरडण्याआधी

मार्चमध्ये युनिव्हर्सिट्यांच्या प्रवेशाचे निकाल लागायला लागले की कॅलिफोर्नियात, आमच्या बे एरियातल्या मराठी पालकांमध्ये एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. थोडक्यात असा: कम्युनिटी कॉलेज (युनिव्हर्सिटीची पहिली दोन वर्षं शिकवणारं स्थानिक सरकारी कॉलेज) म्हणजे तेरावी-चौदावी. ज्यांचा कुठेच नंबर लागत नाही ती मुलं तिथे जातात. तिथून चांगल्या युनिव्हर्सिटीत जाता येत नाही. शिकवणारे दुय्यम. आणि फी वाचली तरी वर्षं वाया जातात. खाली अंगठ्यांची रांग. माझा मुलगा कूपरटिनोच्या डी अँझा कॉलेजातून पुढे गेला, बायकोने तिथेच संध्याकाळचे कोर्स केले. म्हणून गप्प बसवलं नाही.

‘तेरावी-चौदावी’पासूनच सुरू करतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात एका हायस्कुलाला जोडून पुढचे वर्ग काढले गेले. विद्यार्थी होते सहा. कल्पना अशी की युनिव्हर्सिटीची पहिली दोन वर्षं मुलांनी घरी राहून, गावातच करावीत. ती शिकवणी युनिव्हर्सिटीच्या तोडीची असावी, हा त्यामागचा आग्रह होता, आणि शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर त्याच्या पाठीशी होते. म्हणजे आज आपण जो शब्द हिणवायला वापरतो, तो मुळात त्या कॉलेजचा उद्देश होता.

‘कुठेच नंबर लागत नाही’ हा मुद्दा मला जास्त लागतो. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा आराखडा केला. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एक तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी. आणि कम्युनिटी कॉलेज ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी. दार सगळ्यांना उघडं ठेवायचं, हे ठरवून केलेलं आहे. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. त्यांत कमी मार्कांची मुलं असतात, तशीच घरची परिस्थिती बघून आलेली असतात, अठराव्या वर्षी काय शिकायचं ते न ठरलेली असतात, नोकरी करून शिकणारी असतात. सगळ्यांना एकच शिक्का मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मी स्वतः दहावीनंतर डिप्लोमा करून थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला आलो. पहिले काही महिने वर्गात ‘डिप्लोमावाला’ हेच माझं नाव होतं. डिग्रीवर त्याची कुठे नोंद आहे, ते मला आजवर सापडलेलं नाही. इथेही तसंच. कम्युनिटी कॉलेजातून यूसीच्या बर्कली कॅम्पसला गेलेल्या मुलाला बर्कलीचीच डिग्री मिळते, बाकीच्यांना मिळते तीच.

आता ‘जाता येत नाही’ याबद्दल. यूसीच्या सहा कॅम्पसवर (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ) ट्रान्स्फरची, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं धरून पुढच्या वर्षाला प्रवेशाची, लेखी हमी मिळण्याची सोय आहे, तिला टॅग म्हणतात. ठरलेले कोर्स, ठरलेला जीपीए (गुणांची सरासरी) पुरा केला की जागा पक्की. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो ही हमी देत नाहीत, पण ट्रान्स्फरने मुलं घेतात. हमीलाही अटी आहेत. ती एकाच कॅम्पससाठी मागता येते, आणि सांता बार्बरा इंजिनिअरिंगसाठी ती देत नाही. ज्यांच्या डोक्यात फक्त काँप्युटर सायन्स आहे त्यांनी हे आधी तपासावं.

शिकवणाऱ्यांचं म्हणाल तर, मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला शेकडो मुलांचा वर्ग असतो आणि शंका विचारायच्या त्या बहुधा टीएला, म्हणजे तिथेच पुढचं शिकणाऱ्या विद्यार्थ्याला. डी अँझात टीए शिकवत नाहीत. मुलाला एकदा एक इंटिग्रल काही केल्या सुटेना, तेव्हा कॅल्क्युलसच्या बाईंनी ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे वर्गाबाहेर शंका विचारायच्या वेळेत, अर्धा तास त्या एकाच गणितावर घालवला. उत्तर त्यांनी सांगितलं नाही. ‘इथपर्यंत का आलास ते सांग’ एवढंच विचारत राहिल्या. घरी आल्यावर त्याने तेच गणित स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पोळ्यांचा डबा बाजूला सारून, मला समजावून सांगितलं. शिकवणं दुय्यम असतं तर हे घडलं नसतं.

पैशांचा हिशोब सरळ आहे. डी अँझात राज्यातल्या रहिवाशाला क्वार्टर युनिटला (क्वार्टर म्हणजे सुमारे तीन महिन्यांचं सत्र, युनिट म्हणजे कोर्सचं माप) ३१ डॉलर पडतात. ट्रान्स्फरला लागतात ९० युनिट. म्हणजे दोन वर्षांची शिकवणी फी २,७९० डॉलर, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. यूसीची एका वर्षाची शिकवणी फी १४,००० डॉलरच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. पुण्याहून स्टुडंट व्हिसावर येणाऱ्या भाच्याला मात्र हा हिशोब लागू नाही, त्याला फी कितीतरी जास्त पडते.

वर्षं जातात, हेही काही प्रमाणात खरं आहे. दोन वर्षांचं काम तीन वर्षांवर जाणारी मुलं पुष्कळ, मधेच सोडणारीही आहेत. बऱ्याचदा कारण असतं चुकीचे कोर्स, किंवा आठवड्याला तीस तास नोकरी. यावर उपाय आहेत, पण मूल तिथे सोडून दिलं आणि झालं, असं होत नाही. तिथे मागे लागणारं कुणी नसतं. हे मेसेजमध्ये लिहिलं असतं तर मीही अंगठा दिला असता.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबातच नाही. हे कॉलेज फक्त अठरा वर्षांच्या मुलांचं नाही. एच-४ व्हिसावरच्या (म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या) काही जोडीदारांना २०१५ मध्ये कामाची परवानगी मिळायला लागली, तेव्हा बायकोच्या हातात दहा वर्षांपूर्वीची बी.कॉम. आणि मधली मोठी पोकळी होती. तिने रात्रीच्या वर्गात अकाउंटिंग केलं. शेजारच्या बाकावर दिवसभर गॅरेजात काम करून आलेले एक काका, पुढे नातवंडं असलेल्या एक बाई. जवळच्या फूटहिल कॉलेजात दंतआरोग्याची चार वर्षांची पदवीसुद्धा मिळते. २०२० मध्ये या दोन कॉलेजांच्या इमारतींसाठी ८९८ दशलक्ष डॉलरचे कर्जरोखे आपल्याच भागातल्या मतदारांनी मंजूर केले. घरपट्टीच्या बिलात त्याची ओळ असते, बघा.

ज्यांच्या घरी यंदा हा विचार चालू आहे त्यांच्यासाठी: पहिल्याच क्वार्टरला काउन्सेलरला भेटून दोन वर्षांचे कोर्स कागदावर मांडून घ्या. कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत धरतात ते ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. टॅगचा अर्ज ट्रान्स्फरच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरच्या १ ते ३० तारखेतच भरावा लागतो. आम्ही तो २८ तारखेला भरला होता, तुम्ही इतका उशीर करू नका.